धक्का पेलताना

वाचकहो, आरोग्याला वाहिलेल्या या पाक्षिकात रिव्हॉल्व्हरविषयीचा लेख पाहून आपल्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. मधुमेहींचा आहार, गुडघ्यांचे व्यायाम, रात्रीची झोप अशा विषयांसाठी आपण ही पाने उघडता. परंतु मॅग्नम जातीचे रिव्हॉल्व्हर झाडताना हाताला बसणारा धक्का हा विषय माझ्यापर्यंत शस्त्रांच्या दुकानातून आला नाही. तो माझ्या उपचारकक्षाच्या दारातून आत आला. त्याचा विचार करता करता म्हातारपणी बसणाऱ्या इतर धक्क्यांविषयीही मला काही उमगले. ते आपल्यापुढे ठेवावेसे वाटते.

मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे. मार्केट यार्डाच्या परिसरात तीस वर्षे माझे काम चालले. पाठीची दुखणी घेऊन येणारे हमाल, खांदा आखडलेले तोलणार, गादीवर बसून कंबर धरलेले आडते आणि या सर्वांच्या घरच्या स्त्रिया हे माझे रुग्ण. त्यांपैकी भुसार विभागातले एक आडते, वय वर्षे एकाहत्तर, सहा महिने पुण्यात आणि सहा महिने अमेरिकेत मुलाकडे राहतात. मुलाने त्यांना तिथल्या कायम वास्तव्याचा परवाना मिळवून दिला आहे. तीन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचे उजवे मनगट मोडले होते. ते जुळून आले, पण पूर्वीचा जोर राहिला नाही. मागच्या वर्षी निघण्यापूर्वी त्यांनी मला विचारले, “ताई, तिथे मुलगा नेमबाजीच्या रेंजवर जातो. मोठं मॅग्नम मला एकदा चालवून बघायचंय. हात टिकेल ना?” शेजारी बसलेल्या काकूंनी कपाळाला हात लावला. तेव्हा ते म्हणाले, “अगं, आता आयुष्यात गोळ्या खायच्याच उरल्यात. एकदा मारूनही बघू दे!”

आम्ही तिघेही हसलो. परंतु त्या हसण्याखाली दडलेली खंत मला ऐकू आली. जिना नको, दुचाकी नको, एकटे बँकेत जाणे नको, अशा नकारांच्या रांगेत त्यांना आणखी एक नकार ऐकायचा नव्हता. मी त्यांना लगेच होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. आधी हा धक्का म्हणजे नेमके काय, ते समजून घ्यायचे ठरवले.

‘मॅग्नम’ म्हणजे नेहमीच्या काडतुसापेक्षा अधिक जोराचे काडतूस. .३५७ मॅग्नम १९३५ साली बाजारात आले आणि .४४ मॅग्नम १९५५ साली. हिशेब अवघड नाही. .४४ मॅग्नमची गोळी साधारण १५ ग्रॅमची असते आणि ती सेकंदाला ४०० मीटरहून अधिक वेगाने सुटते. ती जितक्या जोराने पुढे जाते, तितक्याच जोराने रिव्हॉल्व्हर मागे रेटले जाते. सव्वा किलोचे रिव्हॉल्व्हर धरले, तर एकट्या गोळीच्या हिशेबानेच ते सेकंदाला जवळजवळ ५ मीटर वेगाने तळहातावर येते. जळलेल्या दारूच्या वायूंचा रेटा त्यात आणखी भर घालतो. फळबाजारातली सव्वा किलोची पपई सुमारे सव्वा मीटर उंचीवरून आपल्या तळहातावर पडली, तर जो वेग असेल, तोच हा. फरक एवढाच, की पपईला पडायला अर्धा सेकंद तरी लागतो; येथे सारे काही एक-दोन मिलिसेकंदांत घडून जाते.

आता आपणच सांगा, पडणारी पपई आपण कशी झेलू? हात ताठ ठेवला तर बोटे दुखावतील आणि पपईही फुटेल. म्हणून हात तिच्याबरोबर खाली जातो. धक्क्याला थोडा वेळ आणि थोडी वाट दिली, की त्याचा दंश उतरतो. ही विद्या मार्केट यार्डातले हमाल कोणत्याही पुस्तकाविना जाणतात. ट्रकचा फाळका उघडतो, वरचा जोडीदार पोते कडेला आणतो. खाली पाठमोरा उभा असलेला हमाल एक पाऊल पुढे टाकतो, गुडघे सैल सोडतो, कंबरेतून किंचित झुकतो आणि पोते पाठीवर टेकते त्या क्षणी दोन बोटे खाली बसतो. ओझे पाठीवरून कंबरेत, कंबरेतून मांड्यांत, मांड्यांतून जमिनीत उतरते. नवखा पोरगा मात्र खांबासारखा ताठ उभा राहतो आणि सारा भार एकट्या कंबरेत घेतो. काही दिवसांनी तो माझ्या पलंगावर पालथा पडलेला असतो.

पुढे मी मुलीकडे अमेरिकेत गेले असता जावयाबरोबर रेंज पाहून आले. केवळ व्हिसावर आलेल्या पाहुण्यांना, काही अपवाद वगळता, तिथला कायदा बंदूक हाताळू देत नाही; म्हणून मी मागे उभी राहून पाहिले. तिथल्या शिक्षकाच्या सूचना ऐकताना मला फाळक्याखालचा हमालच आठवत होता. एक पाऊल पुढे, गुडघे सैल, वजन पुढच्या पायावर, खांदे खाली, कोपरे ताठ नव्हे तर किंचित वाकलेली.

पकडीचे शास्त्रही तसेच आहे. रिव्हॉल्व्हरची नळी मुठीच्या वर असते, त्यामुळे धक्का नुसता मागे येत नाही, तो नळीचे तोंड वर उचलतो. हात मुठीवर जितका वर, तितकी ही उचल कमी. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच मुठीच्या पाठीवर बरोबर मधोमध बसली पाहिजे आणि नळी व हाताचे हाड एका रेषेत आले पाहिजे. ही रेषा चुकली, तर सारा आघात अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर पडतो. आणि साठीनंतर सर्वांत आधी झिजणाऱ्या सांध्यांपैकी तो एक आहे. दुसऱ्या हाताने पहिल्या हाताच्या बोटांना पुढून कवेत घ्यायचे. पकड ठाम हवी. पण हात थरथरू लागला, तर ती गरजेपेक्षा घट्ट झाली असे समजावे. गोळी सुटल्यावर रिव्हॉल्व्हर वर जाईल, ते जाऊ द्यावे आणि मग सावकाश नेमावर आणावे. बोट किंवा अंगठा सिलिंडर व नळी यांच्यामधल्या फटीपाशी कधीही नेऊ नये. तिथून निघणारे तप्त वायू बोट कापून काढू शकतात.

तथापि त्या दिवशी मला सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट पकडीविषयीची नव्हती. शिक्षकाने एका तरुणाच्या सिलिंडरमध्ये त्याच्या नकळत एक घर रिकामे ठेवले. चाप ओढला, नुसता ‘खट्’ असा आवाज झाला, आणि धक्का नसतानाही तरुणाचा हात दचकून खाली गेला. येणाऱ्या धक्क्याच्या भीतीने शरीर आधीच आवळले जाते. नेम चुकतो तो गोळी सुटण्यापूर्वीच. वाचकहो, हा दचका आपल्या घरातही आहे. एकदा पडलेली वृद्ध व्यक्ती पुन्हा पडण्याच्या भीतीने पाय घासत, नजर जमिनीला खिळवून, अंग आवळून चालू लागते. आणि त्या आवळण्यानेच तिचा तोल अधिक ढळतो. रिकाम्या घराचा तो ‘खट्’ आवाज आम्ही आमच्या क्षेत्रातही वापरतो: आधाराचा दांडा हाताशी ठेवून, सुरक्षित जागी, पुनःपुन्हा चालण्याचा सराव. धक्का येत नाही हे शरीराला पटेपर्यंत धीर धरावा लागतो. शब्दांनी ते पटत नाही.

दुसरा धडा मला मार्केट यार्डानेच फार पूर्वी दिला होता. एके काळी हमालांच्या पाठीवर शंभर किलोचे पोते येई. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने आणि इतर कामगारांनी दीर्घकाळ लढा दिला, तेव्हा ते पन्नास किलोवर आले. पाठ आणखी मजबूत करा, असे त्यांनी म्हटले नाही. ओझे कमी करा, असे म्हटले. रेंजवरही हेच शहाणपण लागू पडते. .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्याहून पुष्कळ सौम्य असे .३८ स्पेशल काडतूस चालते; .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल. जड रिव्हॉल्व्हर आणि रबरी मूठ यांनी धक्का आणखी मऊ होतो. सुरुवात मात्र .२२ पासूनच करावी. हे पोरांचे खेळणे नव्हे: कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, ते .२२ च्याच काडतुसावर. वयाचेही फारसे अडत नाही. उत्तर प्रदेशातल्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर यांनी पिस्तूल हाती घेतले तेव्हा त्यांनी पासष्टी गाठली होती.

यापुढे काही सूचना, विशेषतः सोबत जाणाऱ्या मुलांसाठी आणि सुनांसाठी.

पहिल्या काही वेळा सिलिंडरमध्ये एकच काडतूस भरा. जोरदार मॅग्नमच्या धक्क्याने नवख्याचे बोट नकळत पुन्हा चाप ओढते, आणि तोवर नळी भलत्याच दिशेला वळलेली असते. ही दुर्घटना जिवावर बेतू शकते.

कानांत बोंडे आणि त्यावर कर्णकवच, दोन्ही हवीत. मॅग्नमचा आवाज १६० डेसिबेलच्या घरात जातो. डोळ्यांना संरक्षक चश्मा लावावा. परतल्यावर खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, कारण रेंजवरच्या धुरळ्यात शिसे असते.

हाडे ठिसूळ झाली असतील, अंगठ्याचा सांधा सुजत असेल, बोटांना रात्री मुंग्या येत असतील, नुकतीच डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रेंजवर पाऊल टाकू नये. घरच्या घरी मी एक साधी कसोटी देते: एक लिटर पाण्याने भरलेली बाटली दोन्ही हातांनी छातीसमोर धरून अर्धा मिनिट स्थिर ठेवता येते का? येत नसेल, तर मॅग्नमचा विषय तिथेच संपला. आणि परतीच्या विमानापूर्वी खिसे व पिशव्या नीट तपासा. विसरलेले एक जिवंत काडतूसही शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरू शकते.

आमच्या आडत्यांनी निघण्यापूर्वी दोन महिने मनगटाचे व्यायाम केले: ओला पंचा पिळणे, मऊ चेंडू दाबणे, तांदळाच्या भांड्यात हात खुपसून मूठ उघडणे-मिटणे. बाटलीच्या कसोटीत ते काठावर उत्तीर्ण झाले. तिथे त्यांनी .२२ च्या वीस गोळ्या झाडल्या, .३८ च्या पाच. मग .४४ मॅग्नम रिकामेच हातात घेतले, तोलून पाहिले आणि परत ठेवले. भेटीला आले तेव्हा म्हणाले, “जड आहे, ताई. पण खाली ठेवलं ते मी. कुणी हातातून काढून घेतलं नाही.”

वडीलधाऱ्यांची काळजी घेणाऱ्या वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे. आपल्या माणसांना धक्का लागू नये म्हणून आपण त्यांच्या हातातून एकेक वस्तू काढून घेतो. त्याऐवजी ओझे हाताजोगे करून द्यावे, पाऊल कसे टाकावे ते दाखवावे आणि मागे एक पाऊल अंतरावर उभे राहावे. आईला पलंगावरून उठवतानाही हेच करावे: तिला बगलेत धरून एकदम ओढू नये, तिचे पाय जमिनीवर टेकू द्यावेत, पुढे झुकायला सांगावे, तीन अंक मोजावेत आणि तिच्या उठण्याबरोबर आपणही उठावे. तिचे अंग आवळले जाणार नाही, आणि तुमची कंबरही वाचेल.