नोझल केवढं?

हुमनाबाद, भालकी, आळंद, कुठल्याही गॅरेजात जाऊन विचारा, गाडीची ताकद कशी वाढवायची? उत्तर एकच मिळतं: "पंप वाढवा, नोझल मोठं घाला." उत्तर खोटं नाही. ते डिझेलचं आहे, एवढंच. आमचा सगळा मुलूख डिझेलवर पोसलेला. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, तुरीची पोती कलबुर्गीच्या बाजारात नेणारे ट्रक, पुणे-हैदराबाद हायवेवरची रात्रंदिवसाची वाहतूक. मीही शिकलो तो डिझेल पंपाच्या टेस्ट बेंचवर. मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, १९५१ मध्ये उभी राहिली, पुढे नाशिकच्या कारखान्यातून नोझलं येऊ लागली. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, पण आमच्याकडं जुने मेस्त्री अजून 'मायको'च म्हणतात. हँड टेस्टरवर नोझल चढवून दांडा दाबला की चांगलं नोझल करकरतं. तो आवाज ओळखता यायला लागला की उस्ताद पुढचं काम हातात द्यायचे.

डिझेल इंजिनात हवेला अडवणारी झडप सहसा नसते. इंजिन दर फेरीला जमेल तेवढी हवा ओढतं, आणि ड्रायव्हर पाय दाबतो तो फक्त इंधनासाठी. हवा बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्तच असते. म्हणून नोझल मोठं केलं की खरोखर ओढ वाढते. हवा पुरेनाशी झाली की काळा धूर येतो. तो धूर बघून खूश होणारे शेतकरी मी पाहिले आहेत. पेट्रोलचा हिशेब उलटा. तिथं आधी हवा मोजायची आणि मग त्या हवेला पुरेल तेवढंच इंधन द्यायचं. नोझल कितीही मोठं बसवा, हवा तेवढीच असेल तर एक घोडासुद्धा वाढत नाही. वाढतो तो फक्त वास आणि पेट्रोलचा खर्च.

हे समजावण्यात माझी अर्धी हयात जाते, आणि गिऱ्हाईक शिकलेलं असलं की जरा जास्तच जाते.

भालकीकडचे एक बागायतदार गाडी घेऊन आले ती होती मर्सिडीजची सी २०० कॉम्प्रेसर. चार सिलिंडर, १,७९६ सीसी, कंपनीतून निघताना १८४ हॉर्सपॉवर. ही गाडी पुण्याजवळ बनायची, त्यामुळं जुन्या बाजारात आमच्यापर्यंत पोचते. कॉम्प्रेसर म्हणजे सुपरचार्जर: इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा, जो हवा कोंबतो. मर्सिडीजनं असल्या गाड्या १९२१ च्या बर्लिनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मांडल्या होत्या, म्हणजे कल्पना शंभरी ओलांडलेली. मालकांनी छोटी पुली आणि मोठा इंटरकूलर आधीच आणला होता. पुली छोटी म्हणजे पंखा जोरात, हवा जास्त. त्यांना २४० हॉर्सपॉवर हवे होते. सोबत खोक्यात मिनिटाला हजार सीसी सोडणारे चार इंजेक्टर, म्हणजे पेट्रोलची नोझलं. "उस्ताद, मोठेच आणलेत. पुन्हा बदलायची कटकट नको."

मी खोकं बाजूला ठेवलं आणि कागद घेतला.

एक हॉर्सपॉवर तासभर चालवायला सुपरचार्जरच्या इंजिनाला साधारण २८० ग्रॅम पेट्रोल धरतात. साध्या इंजिनाला याहून कमी लागतं. इथं जास्त का, तर पंखा फिरवायलाच इंजिनाची ताकद जाते. ती चाकापर्यंत पोचत नाही, पण तिचंही पेट्रोल जळतं. शिवाय कोंबलेली हवा तापते, म्हणून मिश्रण जरा जाड ठेवावं लागतं. २४० गुणिले २८०, म्हणजे तासाला ६७ किलो. चार इंजेक्टर, म्हणून प्रत्येकाला तासाला जवळपास १७ किलो, मिनिटाला २८० ग्रॅम. पेट्रोल पाण्याहून हलकं, तेव्हा हे झाले मिनिटाला ३७८ सीसी. पण इंजेक्टर सतत उघडा ठेवायचा नसतो. ८० टक्के वेळ उघडा, २० टक्के शिल्लक, असं धरलं की ४७३ सीसी होतात.

इथं पुस्तकातला हिशेब संपतो आणि आमच्या भागाचा सुरू होतो. पंपावर मिळतं ते आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. देशाचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडं ओढून २०२५-२६ वर आणलं. लिटरमागं इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी, म्हणून तेवढंच काम करायला सहा-सात टक्के इंधन जास्त जावं लागतं. मालकांचाच ऊस कारखान्यात जाऊन इंधन होऊन त्यांच्याच टाकीत परत येतो आणि इंजेक्टर मोठा मागतो. हे ऐकून ते हसले. आकडा गेला ५०६ वर. बाजारात त्याच्या वरचं माप ५५० सीसी.

"मग हजारला काय हरकत?"

खरा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर वेगात शोधून सापडत नाही. ते सापडतं भालकीच्या रेल्वे फाटकापाशी गाडी चालू ठेवून उभी असताना. त्या वेळी इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेतं आणि तासाला जेमतेम लिटरभर पेट्रोल पितं. म्हणजे प्रत्येक उघडझापीत एका इंजेक्टरनं सोडायचं ते सीसीचा शंभरावा भाग, थेंबाचा पाचवा हिस्सा. ५५० चा इंजेक्टर हे काम सेकंदाच्या हजाराव्या भागात करतो. हजार सीसीवाल्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास वेळ मिळतो. आता इंजेक्टर काही विजेच्या बटणासारखा लगेच उघडत नाही; आतली सुई उचलायलाच जवळपास तेवढा वेळ जातो, आणि बॅटरी उतरलेली असेल, एसी चालू असेल, तर त्याहून जास्त. एवढ्या थोड्या वेळात सुई पुरती उघडायच्या आत मिटायला लागते. एका फेरीला जास्त, एका फेरीला कमी. इंजिन खोकतं, प्लग काळे पडतात, फाटक उघडेपर्यंत मालक चिडतो. मोटेनं तुळशीला पाणी घालण्यातला प्रकार.

आजकालचे काही महागडे मोठे इंजेक्टर कमी वेळातही नेमकं सोडतात, पण त्यांच्यासोबत सुईच्या वेळेचे आकडे मिळायला हवेत आणि ते गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरता यायला हवेत. मालकांच्या खोक्यात कागदाचा कपटाही नव्हता. ज्या इंजेक्टरला आकडे नाहीत तो मी फुकटात मिळाला तरी बसवत नाही.

अजून एक वाट असते, तीही सांगितली. इंजेक्टरचं माप साधारण ३ बार दाबाला दिलेलं असतं. दाब ४ बार केला की इंधन ३३ टक्क्यांनी वाढत नाही, वर्गमुळानं वाढतं, म्हणजे १५ टक्क्यांनी. छोट्या इंजेक्टरवरही कधी भागतं. पण दाब वाढला की टाकीतला पंप कमी इंधन देतो, आणि पंखा हवा कोंबतो ती इंजेक्टरच्या तोंडावर उलटी दाबते. रेग्युलेटरला ती हवा कळत नसेल, तर ऐन गरजेच्या क्षणी दाब पडतो. आमच्या लोकांना हे दिसत नाही, कारण मीटरवर ४ बारच दिसत राहतात. इथे पंपाचं माप काढल्याशिवाय इंजेक्टरचं माप काढणं व्यर्थ आहे, हे माझं ठाम मत. (हा सगळा हिशेब इनटेकमध्ये फवारणाऱ्या इंजेक्टरचा. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या नव्या इंजिनांना उघडं राहायला वेळच फार थोडा असतो. तिथं वेगळं गणित.)

५५० चा सेट आला. बसवण्याआधी बेंचवर चारही तपासले. जुनी डिझेलची सवय इथं कामाला येते: फवारा दोन्ही झडपांच्या दिशेनं फुटतो का, मिटल्यावर टिपका सोडतो का, चौघांत फरक किती. दोन टक्क्यांच्या वर फरक असेल तर मी सेट परत करतो. सरासरी बरोबर असून उपयोग नाही. इंधन कमी पडलेला एक सिलिंडर तापतो आणि त्याचा पिस्टन वितळतो. बाकीचे तीन त्याला वाचवू शकत नाहीत. कॉइलचा रोधही मोजला, १२ ओहम. दोन-तीन ओहमवाले सरळ जोडले तर कॉम्प्युटरमधलं इंजेक्टर चालवणारं सर्किट जळायचा धोका. रबरी रिंगा इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या.

एप्रिलमध्ये हायवेवर नोंद घेतली. दुसऱ्या गिअरमध्ये ६,००० फेऱ्यांपर्यंत नेलं की पुरे, वेगमर्यादा मोडावी लागत नाही. ट्रॉल्यांचा हंगाम संपलेला, रस्ता मोकळा. इंजेक्टर ६८ टक्के उघडा होता, मिश्रण हवं तसं जाड. मालकांनी आकडा बघितला. "बारा टक्के शिल्लक आहेत की. अजून एक पुली छोटी घालू."

मी डिसेंबरपर्यंत थांबायला सांगितलं. उन्हाळ्यात गाडीची परीक्षा होते असं सगळे म्हणतात, आणि ठोका पडण्याच्या बाबतीत ते खरंच आहे. पण इंजेक्टरची परीक्षा थंडीत होते. एप्रिलची चाळीस अंशांची हवा विरळ असते. बिदरकडची डिसेंबरची पहाट बारा अंशांवर येते, तेव्हा तीच हवा नऊ-दहा टक्क्यांनी दाट होते, आणि तेवढंच इंधन जास्त मागते.

ते आले, डिसेंबरात, उजाडायच्या आत. सस्तापूर बंगल्याच्या अलीकडं तोच पट्टा, तोच गिअर. ७५ टक्के. त्यांनी नोंद दोनदा पाहिली आणि पुलीऐवजी ब्रेकच्या पॅडचा भाव विचारला.