आम्ही आणि आपण

रविवार, रात्री.

ताईचा फोन आला. "आई, गणपतीला आम्ही सावंतवाडीला जाणार गं." आई "बरं बरं" म्हणाली आणि नंतर उगाचच बराच वेळ मेथी निवडत बसली. लग्नाला दोन महिने झालेत. त्याआधी ताईच्या तोंडी 'आपण' असायचं. आपण कधी निघायचं, आपल्याकडे मोदक किती.

हिंदीत ती 'हम' म्हणाली असती, तर आईला लगेच टोचलं नसतं. इंग्रजीत तेच, संस्कृतातही 'वयम्' एकच. मराठीत मात्र ऐकणारा आत की बाहेर, हे बोलण्याआधीच ठरवावं लागतं. गुजरातीतही तसंच, 'अमे' आणि 'आपणे', तेलुगूत 'मेमु' आणि 'मनम्', तमिळमध्ये 'नांगळ्' आणि 'नाम्'. आपला 'आम्ही' प्राकृत 'अम्हे'वरून आला, तर 'आपण' 'आत्मन्'मधून. दुसऱ्याला पोटात घेणारा शब्द 'स्वतः'तून निघावा, ही गंमतच! (ऑफिसात मात्र साहेब "आपण रविवारी येऊ" म्हणतात, तेव्हा ते स्वतः येत नसतात.)

भाषा माणसाला घडवते वगैरे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. लेक परकी झाल्याचं हिंदी बोलणाऱ्या आयांनाही कळतंच. पण ते असं सर्वनामातून, वाक्याच्या अधेमधे गाठत नसावं.

मेथी निवडून झाली. देठं गोळा करत आईने विचारलं, "मग, आपण काय करायचं गणपतीला?"