सुकी वाळू

लाठी माझ्यापेक्षा बरी टिकली होती. मांगरात जुन्या जाळ्यांच्या मागं, आढ्याला टेकवून ठेवलेली. कोळिष्टकं पुसली, ठोकून पाहिली. तडा नाही, भुंगा नाही. आमच्या सिंधुदुर्गातला माणगा हा बांबू जवळजवळ भरीव असतो, म्हणून लाठीला तोच. लाठी शिकवणारे आमचे सर तो काळोख्या पंधरवड्यातच तोडायला लावत आणि होडीला लावतात ते उंडेल तिला चोळून घेत. अंगणात उभी करून मापली. सरांच्या हिशेबानं लाठी भुवईपर्यंत हवी, आणि ही माझ्या खांद्याच्या जेमतेम वर. तेरा वर्षांच्या मुलीची लाठी होती ती.

1988 ते 1991 अशी चार वर्षं मी मालवणच्या दांडी किनाऱ्यावर संध्याकाळी लाठी शिकले. मुलगे पंधरा-वीस, मुली आम्ही तिघी. आठवीत आईनं एका वाक्यात विषय संपवला, "आता पुरे झाला." का, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, त्या वयाच्या मुलींना कारण सांगायची पद्धत नव्हती. पुढं मुंबई, बँक, संसार. बदली मागून मालवणात परत आले ते सेहेचाळिसाव्या वर्षी, गुडघ्यांसकट.

त्याच वर्षी, 19 फेब्रुवारी 2024 ला, शिवजयंतीच्या दिवशी राज्य सरकारनं दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं. त्या वाऱ्यानं असेल, गल्लोगल्ली पोरांच्या हातात काठ्या दिसू लागल्या. दांडीवरही सकाळी सहाला वर्ग भरतो, हे दूधवाल्याकडून कळलं. गेले. शिकवणारा मुलगा तिशीतला, म्हणजे माझ्या मुलापेक्षा थोडा मोठा. मी त्याला सर म्हणाले, तो मला काकी म्हणाला, आणि पोरांनी हसून घेतलं.

पहिल्या दिवशी मी चांगलीच फुशारले. हातात लाठी आली आणि एकहाती फिरकी आपोआप सुटली. मनगटाला सगळं आठवत होतं. पोरं गप्प झाली. एकानं मोबाइल काढला. मिरवणुकीत टाळ्या पडतात त्या फिरकीलाच. पण फिरकी म्हणजे लाठी नव्हे, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही होतं. तरी फिरवत राहिले, खोटं कशाला बोलू.

मग समोर बारा वर्षांची एक मुलगी उभी केली. शिर, तमाचा, बाहेरा, एवढेच तीन वार, तेही सावकाश. शिर अडवला. तमाचा माझ्या डाव्या कानावर येतोय हे स्पष्ट दिसलं, हात वेळेवर वर गेले, आणि तरीही काठी माझ्या डाव्या हातावर सटकन बसली. मुलगी घाबरून "काकी, लागला काय?" म्हणाली. नाही म्हटलं. डोळ्यांत पाणी होतं.

पुढचे तीन आठवडे तिथंच अडकले. मनगट शहाणं, पाय अडाणी. आमचे जुने सर आम्हाला मुद्दाम सुक्या वाळूत उभं करत. ओल्या वाळूवर कोणीही नाचेल, सुकीत पाय रुततो, म्हणून तो आधी उचलावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. नव्या सरांकडे दांडपट्टाही आहे. त्यानं एकदा मला तो हातात घालू दिला. हात कोपरापर्यंत खोबळ्यात जातो आणि मनगट बांधल्यासारखंच होतं. ज्या मनगटाच्या जोरावर मी मिरवत होते ते एकदम बाद. वार खांद्यातून, कमरेतून, शेवटी पायातूनच काढावा लागतो. प्रतापगडावर 1659 मध्ये जिवा महालानं सय्यद बंडाचा हात तोडला, तो पट्ट्यानंच, असं परंपरा सांगते. लहानपणी त्या गोष्टीत मला फक्त हात दिसायचा. आता वाटतं, हा माणूस उभा कसा होता?

उत्तर मिळालं ते वर्ग सुटल्यावर, शेजारीच. रापण ओढत होते. होडीनं जाळं अर्धगोल टाकून आलेलं आणि दोन्ही टोकांच्या दोरांना माणसं लागलेली, पाठमोरी मागं सरकत. हात कमी पडले की किनाऱ्यावरचं कोणीही दोराला लागतं, मीही लागले. जोर लावला आणि आपटले. बाजूचा म्हातारा माझ्याकडे न बघताच म्हणाला, "हातान वडू नको गो. पाय मागे घे, मगे वड." जुन्या सरांचंही घराणं रापणीचंच होतं. आम्हाला शिकवलेला पवित्रा त्यांनी कुठून आणला होता हे मला तेव्हा, वाळू झटकत उठताना कळलं. वाट्याला चार बांगडे आले.

घरी आई बांगडे साफ करायला बसली. आता ती अठ्ठ्याहत्तरची आहे. मी भाकऱ्या थापत होते, बाही वर सरकली. तिनं निळा डाग पाहिला. नवा होता, कालचाच.

"तमाचो?" तिनं विचारलं.

मी थांबले. हा शब्द मी घरात कधी उच्चारलाच नव्हता.

"वयीआडसून बघी मी तुमचा," ती कोयतीवरची नजर न काढता म्हणाली. "रोज. डावो पाय मागे घेवक नाय तू. तेवाय घेय नाय होतंस."