कन्हानकाठचा कारभार

नागपूरहून कामठी रस्त्याला लागलं की गड्डीगोदामपाशी मान वर करावीच लागते. खाली रस्ता, वर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. ऑटोमोटिव्ह चौकात मेट्रोची साथ सुटते आणि पुढे कामठी येते.

आधी लागते ती छावणी. गेरू-चुन्याचे पट्टे मारलेले झाडांचे बुंधे, रुंद रस्ते, आखल्यासारखी आवारं. सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरकर भोसल्यांवर नजर ठेवायला इंग्रजांनी 1821 मध्ये इथे फौज बसवली. फौजेमागोमाग बाजार आला, सावकार आले. बन्सीलाल अबीरचंदांची पेढी इथलीच. 1881 च्या शिरगणतीत कामठी सुमारे 51 हजारांची होती. रेल्वे नागपूरला आली, गिरण्या तिथे निघाल्या, व्यापार तिकडे सरकला आणि 1901 मध्ये इथे 39 हजारांहून कमी माणसं उरली.

इंग्रजांनी गाव वसवलं, पण आपल्या गावांना दिलेला मान याला दिला नाही. लंडनच्या वेशीवरच्या वेम्बलीला 1937 मध्ये बरोचा, म्हणजे स्वतःचा कारभार पाहणाऱ्या नगराचा, दर्जा मिळाला. तिथले नगरसेवक दरवर्षी महापौर निवडत आणि त्याच्या गळ्यात पदाची साखळी घालत. कामठीत मात्र छावणी मंडळाचं अध्यक्षपद कायद्यानेच लष्करी अधिकाऱ्याकडे. 1924 च्या छावणी कायद्यात तसं होतं, 2006 च्या कायद्यातही तेच राहिलं. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाची मजल उपाध्यक्षपदापर्यंतच. स्वतंत्र देशात हे इतकी वर्षं चालावं, हे मला पटत नाही.

छावणीची हद्द ओलांडली की नगरपरिषदेचं गाव सुरू होतं. मोहल्ले, माग, मराठी-हिंदी-उर्दू पाट्या, हातगाड्यांची दाटी. ड्रॅगन पॅलेसचं बुद्धविहार पाहायला लांबून लोक येतात, पण बाजारात फारसं कोणी शिरत नाही. इथे नगराध्यक्ष असतो. मात्र त्याला नगरसेवकांनी निवडावं की थेट लोकांनी, हे राज्य सरकारने वारंवार फिरवलं. 2016 मध्ये थेट निवडणूक आली, 2020 मध्ये रद्द झाली, 2022 मध्ये परत आली. थेट निवडणूकच बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. नळाला पाणी आलं नाही तर कोणाचं दार ठोठावायचं, हे निदान नक्की असतं.

आणि तरी कामठीचं नाव देशभर पोचवलं ते यातल्या कुठल्याही खुर्चीवर न बसलेल्या माणसाने. बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे 1904 मध्ये इथे जन्मले. त्यांनी विडी कामगारांची संघटना बांधली. मांडीवर सूप घेऊन दिवसभर पानं वळणारी ही माणसं. त्यांच्या मजुरीसाठी ते भांडले. 1937 मध्ये नागपूर-कामठीतून ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले. ‘जय भीम’ हे अभिवादन त्यांनीच रूढ केलं. 12 जानेवारी 1939 रोजी क्षयाने ते गेले, तेव्हा पस्तिशीचेच होते. त्यांची समाधी कन्हान नदीच्या काठी आहे. कामठीला जाल तेव्हा तिथे जाऊन या.

गावाच्या कारभाराची आठवण टिकावी म्हणून कामठीकरांना एक विनंती. घरातल्या जुन्या ट्रंकेत कुण्या नगराध्यक्षाच्या सहीचा दाखला, मानपत्र किंवा निवडणुकीचं पत्रक असेल, तर रद्दीत घालू नका. नगरपरिषदेकडे नेऊन द्या.