एक ‘पर्यंत’, दोन अर्थ

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना एक गोष्ट नेहमी दिसते. इंग्रजीतले लांबलचक शब्द मुलं पाठ करून टाकतात. अडतात ती ‘ॲट’, ‘बाय’, ‘टिल’ अशा इवल्याशा शब्दांपाशी, आणि वेळेबद्दल प्रश्न विचारायचा असला की जास्तच. आपली मुलं घरात उर्दू किंवा दखनी बोलतात, बाहेर मराठी. या भाषांत ‘तक’ किंवा ‘पर्यंत’ हा एकच शब्द दोन कामं करतो. इंग्रजीत त्या दोन कामांना दोन शब्द आहेत.

सोपा भाग आधी. घड्याळातल्या वेळेसाठी ‘ॲट’, वार-तारखेसाठी ‘ऑन’, महिना-वर्षासाठी ‘इन’. प्रश्नातही तेच: ‘ऑन व्हिच डे’, ‘इन व्हिच मंथ’. ‘व्हॉट टाइम’च्या आधीचा ‘ॲट’ बोलताना गाळला तरी चालतो. ‘व्हेन’च्या आधी मात्र या तिन्हींपैकी काहीच लावायचं नाही.

पुढची अडचण ‘से’ आणि ‘पासून’ची. ‘कितने साल से रहते हो?’ याचं मुलं ‘फ्रॉम हाऊ मेनी इयर्स’ करतात. इंग्रजीत तिथे ‘हाऊ लाँग’ विचारतात: ‘हाऊ लाँग हॅव यू लिव्ह्ड हिअर?’ उत्तरात मुदत सांगायची तर ‘फॉर टेन इयर्स’, सुरुवात सांगायची तर ‘सिन्स 2015’.

सगळ्यात जास्त फसवतं ते ‘पर्यंत’. माझी एक विद्यार्थिनी बारावीनंतर नोकरीच्या मुलाखतीला गेली. ‘बाय व्हेन कॅन यू जॉइन?’ असं तिला विचारलं. ‘बाय’ म्हणजे ‘तक’ एवढं तिला ठाऊक होतं. ‘कब तक काम करोगी?’ असा अर्थ लावून ती म्हणाली, ‘टिल माय मॅरेज.’ समोरचे हसले. विचारलं होतं, कामावर कधीपर्यंत रुजू होशील. मुलगी हिशेबात पक्की, संगणक येणारी. पण त्या हसण्यानंतर कितीतरी महिने तिनं दुसरीकडे अर्जच केला नाही. इंग्रजी आपल्यासाठी नाहीच, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

तिला समजावताना रमजान कामी आला. सहरी सुबह सादिकपर्यंत खाता येते. खाणं तोवर चालू राहू शकतं, म्हणून ‘टिल’. फित्रा ईदच्या नमाजपर्यंत द्यायचा असतो. तो एकदा दिला की काम संपलं. फक्त मुदत उलटू द्यायची नाही, म्हणून ‘बाय’. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’, पण सहरी आणि फित्रा यांतला फरक आपल्या घरात लहान मूलही जाणतं. तिला तो तिथल्या तिथे कळला. मग तिनंच उदाहरण दिलं: दुकान दहापर्यंत उघडं असतं, तिथे ‘टिल’, फॉर्म दहा तारखेपर्यंत भरायचा, तिथे ‘बाय’.

म्हणून पालकांना एक विनंती. मशिदीतून मिळणारं सहरी-इफ्तारचं वेळापत्रक घरोघरी भिंतीवर असतंच. रोज पाच मिनिटं मुलांना त्यावरून इंग्रजीत प्रश्न विचारायला लावा. आज इफ्तार किती वाजता? पहिला जुम्मा कोणत्या तारखेला? सहरी कधीपर्यंत? उत्तर तुम्ही मराठीत किंवा उर्दूत दिलंत तरी बिघडत नाही. अम्मीला इंग्रजी येत नसेल तर मुलानं प्रश्नाचा अर्थ तिला समजावून सांगावा. त्यात त्याचाही अभ्यास होतो. चुकलं तर हसू नका, नीट वाक्य एकदा म्हणून दाखवा. वर्गात हात वर न करणाऱ्या मुली घरी या खेळात पुढे असतात, असं त्यांच्या आयाच मला सांगतात.

त्या मुलीनं पुढे पुन्हा अर्ज केला. या वेळी तिनंच समोरच्यांना विचारलं, ‘बाय व्हेन विल यू लेट मी नो?’ आठवडाभरात कळवतो म्हणाले, आणि कळवलंही.