कट्ट्यांच्या थप्पीमागे सर्फ

वाशिमहून समुद्राकडे सरळ रेघ मारली तरी ती चारशे किलोमीटरच्या पुढे जाते. जिल्ह्यात मोठं पाणी म्हणावं तर एकबुर्जीचं धरण, आणि तिथे फळीवर उभं राहून तोल सांभाळावा अशी लाट कधी उठत नाही. तरीही मी घरात बसून सर्फ म्युझिकचा अल्बम केला. लोकांनी विचारलं, समुद्र कुठाय? मी सांगत असे की ‘सर्फिन बर्ड’ हे १९६३ सालचं गाजलेलं गाणं करणारे ट्रॅशमेन मिनियापोलिसचे होते, आणि तिथूनही समुद्र शेकडो मैल लांब. ‘वाइप आउट’ ही सर्फची चाल ज्या गावातल्या स्टुडिओत रेकॉर्ड झाली ते कुकामोंगाही किनाऱ्यावर नाही. पॉल बफ नावाच्या माणसाने तिथे स्वतःच्या हाताने पाच ट्रॅकचं रेकॉर्डिंग मशीन बनवलं होतं. मला समुद्रापेक्षा त्या मशीनचं आकर्षण जास्त होतं.

ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९६०च्या आसपास दक्षिण कॅलिफोर्नियातल्या नाचाच्या हॉलांमध्ये हा प्रकार वाढला. बहुतेक वेळा गाणारं कुणी नसतं. गिटारच गाते, तीही जाड तारांवर, झपाट्याने, आणि विहिरीत वाजल्यासारखी घुमत. आपल्याकडे कानावरून गेलेला जवळचा नमुना म्हणजे १९६५च्या ‘गुमनाम’मधलं शंकर-जयकिशन आणि रफीचं ‘जान पहचान हो’. त्यातली गिटार ऐका, म्हणजे मला काय हवं होतं ते कळेल.

माझा या संगीताशी खरा संबंध जुळला तो काकांमुळे. काका भजनी मंडळात पेटी वाजवतात. एकदा मी गिटारवादक डिक डेलचं ‘मिसिरलू’ लावून बसलो होतो. हे १९६२चं रेकॉर्डिंग ‘पल्प फिक्शन’ सिनेमामुळे पुन्हा जगभर पोचलं. काका दारात थांबले, ऐकलं आणि म्हणाले, “हा तं कालिंगडा हाय लेका. एवढ्या घाईनं कायले वाजवून राह्यला तो?” मग त्यांनी पेटी काढली आणि तीच चाल संथ लयीत वाजवून दाखवली. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद, सगळे भैरव थाटाचेच सूर. काकांनी कालिंगडा म्हटलं ते चलनाच्या अंगाने कितपत खरं यावर पंडितांनी वाद घालावा, पण सुरांचा हिशेब चोख होता. डेलचे वडील लेबनीज वंशाचे, काका ऊद हे तंतुवाद्य वाजवणारे. ‘मिसिरलू’ ही मुळात पूर्व भूमध्य समुद्राकडची जुनी चाल. सांगतात की एका पोराने डेलला आव्हान दिलं, एकाच तारेवर पूर्ण गाणं वाजवून दाखव, तेव्हा त्याला काकांचं हे गाणं आठवलं. म्हणजे तिकडेही काकाच. त्या दिवसापासून मला या संगीतात परकं काही वाटेनासं झालं.

आता त्या घुमण्याबद्दल. हा आवाज खोलीचा नसतो, तो स्प्रिंगचा असतो. पत्र्याच्या लांबट डबीत दोन किंवा तीन बारीक स्प्रिंगा ताणलेल्या असतात. एका टोकाला गिटारचा सिग्नल स्प्रिंगला हलवतो, दुसऱ्या टोकाला ती थरथर पुन्हा विजेत बदलून बाहेर येते. मूळ कल्पना हॅमंड ऑर्गनवाल्यांची. १९६१मध्ये गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने त्याचं गिटारसाठी वेगळं खोकं काढलं आणि सर्फवाल्यांनी ते उचललं. हे खोकं गिटार आणि अँप्लिफायरच्या मध्ये लागतं, अँप्लिफायरच्या आत नाही. त्यामुळे आधी स्प्रिंग भिजते आणि मग तो भिजलेला आवाज अँप्लिफायर फोडतो. तार हाताने दाबून जोरात छेडली की टपटप पाणी गळल्यासारखा जो आवाज येतो, तो या क्रमामुळेच.

मी स्प्रिंगची डबी ऑनलाइन मागवली. तिला चालवणारं सर्किट मात्र गावातल्या एका जुन्या मेकॅनिकनी बसवलं. त्यांचं आयुष्य लग्नातले भोंगे आणि लाऊडस्पीकरचे अँप्लिफायर दुरुस्त करण्यात गेलेलं. माझ्याकडे एका बंद पडलेल्या लाऊडस्पीकर सर्व्हिसचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर होता, तोही त्यांनीच उठवला. मेन स्विच बंद करून, कपॅसिटरमधली उरलेली वीज उतरवून मगच ते आत हात घालत, आणि डावा हात पाठीमागे ठेवत. मी कारण विचारलं. “दोन्ही हात आत घातले तं करंट छातीतून जाते.” बाकी त्यांना सर्फशी काही देणंघेणं नव्हतं. काम झाल्यावर त्यांनी डबीला बोटाने टिचकी मारली. स्पीकरमधून ढग फुटल्यासारखा धडाका झाला आणि शेजारची म्हातारी बाहेर येऊन आभाळाकडे बघायला लागली.

हे सगळं कॉम्प्युटरवर होतं, हे मला ठाऊक आहे. स्प्रिंगची नक्कल करणारी सॉफ्टवेअर चांगली आहेत, डोळे मिटून ऐकलं तर मलाही दर वेळी फरक ओळखता येईल असं नाही. जुना आवाज जुन्या वस्तूंमुळे येतो, या समजुतीवर बरेच लोक बराच पैसा घालवतात. माझं मत वेगळं आहे. त्या काळातल्या रेकॉर्डिंगचा आवाज तसा आहे कारण वाजवणाऱ्यांना नंतर काही बदलता येत नव्हतं. तीन-चार ट्रॅक, सगळे एका खोलीत, घुमणंसुद्धा वाजवतानाच टेपवर उमटलेलं. डेलचा पहिला अल्बम ‘सर्फर्स चॉइस’ बराचसा रॉन्देवू बॉलरूममध्ये लोक नाचत असताना रेकॉर्ड झाला. नंतर बसून कोण काय दुरुस्त करणार? मला ती अडचण हवी होती, म्हणून मी कॅसेटवर चालणारं चार ट्रॅकचं सेकंडहँड मशीन घेतलं.

त्याची गंमत अशी. साधी कॅसेट दोन बाजूंनी वाजते. हे मशीन दोन्ही बाजूंची पट्टी एकाच दिशेने, एकदम वापरतं, आणि तीही दुप्पट वेगाने. साठ मिनिटांची कॅसेट पंधरा मिनिटांत संपते. कोऱ्या कॅसेटी वाशिमात आता मिळत नाहीत. काकांनी भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटींची पिशवी आणून दिली. “घे, तसंही कोण ऐकते.” पाठीवरचे तुकडे मोडलेले होते, त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की मशीन रेकॉर्ड करू देतं. पण चौथा ट्रॅक रिकामा सोडला तर त्यावर जुनी बी बाजू तशीच राहते, आणि ती उलटी, दुप्पट वेगाने ऐकू येते. एका चालीच्या शेवटी गिटार थांबल्यावर चौथ्या ट्रॅकवरून मंडळाचा टाळांचा गजर उलट्या दिशेने धावत येतो. मी तो ठेवला. काकांना त्यात स्वतःचा आवाज ओळखू आला नाही, पण टाळ कोणाचे हे त्यांनी लगेच सांगितलं.

ड्रम कुठे वाजवायचे हा सगळ्यात मोठा प्रश्न होता. घरातली खोली ठेंगणी, सामानाने भरलेली, तिथे ड्रम म्हणजे पेटीत दगड टाकून हलवल्यासारखे वाजत. घरामागे शेतमालाचं गोदाम आहे, विटांच्या भिंती आणि वर टिनं. पावसाळ्यात ते रिकामं असतं. तिथे टाळी वाजवली तर ती भिंतीभिंतींतून फिरून परत येई. तिथे ड्रम लावले, एकच माइक छातीच्या उंचीवर, चार-पाच पावलं लांब ठेवला आणि हवा होता तोच आवाज मिळाला. फक्त पाऊस नको. टिनावर सर सुरू झाली की काम बंद. भाद्रपदात आम्ही ढग बघून वाजवत होतो.

मग सोयाबीन निघालं. २०२४-२५च्या हंगामाला हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली चाललेला. घरी ठरलं की माल थांबवायचा. दिवाळीच्या आधीच गोदामात कट्टे यायला लागले, आधी मागच्या भिंतीला, मग दोन्ही बाजूंना, थप्पीवर थप्पी. जितके कट्टे वाढले तितका आवाज कोरडा होत गेला. तागाचे आणि प्लॅस्टिकचे कट्टे दाण्यांनी भरले की ते आवाज गिळतात. मोठ्या स्टुडिओत भिंतींना जे महागडं साहित्य लावतात ते आमच्याकडे भाव पडल्यामुळे आपोआप लागलं. पहिल्या चालींत ड्रम घुमतात, नंतरच्या चालींत ते जवळ, घट्ट, अंगावर येतात. वडील मोबाइलवर रोज भाव बघत आणि मी मनातल्या मनात आशा करत असे की अजून एक चाल होईपर्यंत भाव वाढू नये. हे त्यांना सांगितलेलं नाही.

‘पूर्णा पॅसेंजर’ नावाची चाल घुमणाऱ्या आणि घट्ट चालींच्या मधली आहे, अर्ध्या गोदामात रेकॉर्ड झालेली. अकोला–पूर्णा मार्ग मीटरगेज होता तेव्हाची गाडी मला लहानपणची आठवते, तिचा रुळांचा ठेका साइड ड्रमवर बसवला. ‘शेलूबाजार’ ही समृद्धी महामार्गावरची चाल, ती मुद्दाम सरळसोट आणि थोडी कंटाळवाणी आहे, कारण रस्ता तसाच आहे.

विजेचं वेगळं गाऱ्हाणं. शेतीपंपांना थ्री फेज लाइट आली की सगळ्या विहिरींवरच्या मोटारी सुरू होतात, व्होल्टेज पडतं आणि अँप्लिफायरमधून भुणभुण येते. माझ्या गिटारचे पिकअप एकेरी गुंडाळीचे, ते ही भुणभुण हवेतूनही उचलतात. गिटार हातात घेऊन गोल फिरलं की एका दिशेला ती जवळजवळ नाहीशी होते. ती दिशा सापडली की खडूने जमिनीवर खूण करायची आणि तिथेच तोंड करून बसायचं. घरी आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, हे वास्तुशास्त्राप्रमाणे आहे का. मी हो म्हटलं, विषय संपला.

ड्रम वाजवणारे भाऊ रिसोडकडच्या बँड पार्टीतले. लग्नसराईत त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, पावसाळ्यात मोकळे. त्यांनी सर्फ हे नाव कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांना ठेका ऐकवला, दोनवर लागोपाठ दोन ठोके, चारवर एक. त्यांनी मांडीवर वाजवून बघितला आणि म्हणाले, “हे तं नवरदेव घोड्यावरून उतरते तेव्हाचं हाय.” ताशावाल्याच्या हाताला काड्यांची सलग झड अंगवळणी असते, ‘वाइप आउट’मधली ड्रमची प्रसिद्ध झड त्यांनी ऐकून तिथल्या तिथे वाजवली, वर दोन ठोके जास्त घालून. माझा मामेभाऊ बेसवर. दोघं समोरासमोर बसत, मधे माइक. बेसचा अँप्लिफायर किती पावलं मागे सरकवायचा यावरच समतोल. वर-खाली करायला बटण नव्हतं, अँप्लिफायरच सरकवायचा.

ड्रम आणि बेस असे एकाच ट्रॅकवर गेले. दुसऱ्यावर साथीची गिटार, तिसऱ्यावर मुख्य गिटार स्प्रिंगसह, चौथ्यावर कुठे काकांची पेटी, कुठे नुसते टाळ. साधी कॅसेट असल्याने मागे सळसळ राहते. त्यावर उपाय एकच, टेपवर जमेल तेवढ्या जोरात नोंदवायचं, म्हणजे सळसळ खाली दबते आणि वरचा आवाज किंचित चुरगळतो. तो चुरा कानाला गोड लागतो. शेवटचं मिश्रण मोनोमध्ये केलं. साठच्या दशकातल्या पोरांनी हे रेडिओवर आणि छोट्या रेकॉर्डवर मोनोतच ऐकलं होतं. शिवाय एका स्पीकरमध्ये सगळ्या वाद्यांना जागा करून द्यायची तर उगाच वाजवलेलं लगेच उघडं पडतं. माझ्या दोन गिटारी मी त्यापायी काढून टाकल्या.

लॅपटॉपवर उतरवून घेण्याआधी सगळ्यांना गोदामातच ऐकवलं. काकांनी ‘कालिंगडा’ नावाच्या चालीवर मान हलवली, पण लय अजून निम्मी करा म्हणाले. ड्रमवाल्या भाऊंनी दोनदा ऐकलं.

“आपला ड्रम कमी येऊन राह्यला. जरा वाढव ना.”

मी सांगितलं की वाढवता येत नाही, तुमच्यासोबत त्याच पट्टीवर बेस आहे, तुम्हाला वाढवलं की तोही वाढतो.

भाऊंनी थोडा विचार केला, मामेभावाकडे बघितलं आणि म्हणाले, “मंग वाढू दे ना त्याले बी.”