रांगेची लांबी आणि कामाचा निपटारा

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्राबाहेरील एका डोंगराळ जिल्ह्यात नेमणुकीवर असताना मी दूरच्या गावांसाठी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे सुनावण्या सुरू केल्या होत्या. एका दुपारी कुटुंब निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात एक वृद्ध विधवा पडद्यावर होती. मी प्रश्न विचारी. ती नुसती पाहत राही. मी पुढचा प्रश्न विचारला की आमचे आवाज एकमेकांवर आदळत. ‘अर्जदार समाधानकारक उत्तरे देऊ शकली नाही’ असा शेरा मी लिहिणार, एवढ्यात लक्षात आले की तिची उत्तरे अचूक होती. फक्त ती आधीच्या प्रश्नांची होती. माझा प्रश्नच तिच्यापर्यंत उशिरा पोहोचत होता.

प्रशासकीय सवयीनुसार मी जास्त वेगाच्या जोडणीचा प्रस्ताव तयार करविला. आमच्या तरुण तंत्रज्ञाने तो थांबवून एक साधी चाचणी दाखविली. जोडणी मोकळी असताना संदेश 30 मिलिसेकंदांत जाऊन परत येई. शेजारच्या कक्षात स्कॅन केलेले अभिलेख पाठविणे सुरू झाले की त्यालाच 2 सेकंद लागत.

कारण गणिताचे होते. आमचा अपलोडचा वेग सेकंदाला 4 मेगाबिट. मॉडेममधील साठवणजागा, म्हणजे बफर, 1 मेगाबाइटची, अर्थात 8 मेगाबिटची. ती अभिलेखांनी भरली की मागून आलेल्या आवाजाच्या चिमुकल्या पॅकेटला 2 सेकंद रांगेत उभे राहावे लागे. एखादे पॅकेट गळाले की पाठविणारा संगणक वेग कमी करतो, हा इंटरनेटचा शिष्टाचार आहे. अतिमोठा बफर मात्र काहीच गळू देत नाही आणि कोंडी झाकून ठेवतो. जिम गेटिस यांनी 2010-11 च्या सुमारास या दोषाकडे ‘बफरब्लोट’ या नावाने लक्ष वेधले.

उपाय कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये मांडला. त्यांची ‘कोडेल’ पद्धत रांगेची लांबी मोजत नाही. पॅकेट किती वेळ ताटकळले ते मोजते. ही प्रतीक्षा 100 मिलिसेकंदांच्या अवधीत सतत 5 मिलिसेकंदांपेक्षा जास्त राहिली, तर ती एखादे पॅकेट टाकून देऊन पाठविणाऱ्याला वेळीच इशारा देते. ‘एफक्यू-कोडेल’ त्यापुढे जाऊन प्रत्येक प्रवाहाला स्वतंत्र रांग देते. आमच्या तंत्रज्ञाने ओपनडब्ल्यूआरटी प्रणालीच्या राउटरवर ‘एसक्यूएम’ सुरू करून अपलोडची मर्यादा 3.6 मेगाबिट ठेवली. वेग थोडा सोडला, म्हणून रांग मॉडेमऐवजी आमच्या राउटरमध्ये, आमच्या नियंत्रणात आली. नव्या जोडणीची गरज उरली नाही.

घरापासून दूर राहणाऱ्या आपणांपैकी अनेकांचे आईवडिलांशी बोलणे संध्याकाळी असेच तुटत असेल. जास्त पैसे भरण्यापूर्वी ही चाचणी अवश्य करावी. घरात कोणी मोठी फाइल पाठवीत असतानाच आवाज अडखळत असेल, तर दोष बहुधा रांगेचा आहे.

मला मात्र त्यात माझे कार्यालय दिसले. टपाल साचले की आपण कपाटे वाढवितो. जाड नस्तीमागे एका पानाचा अर्ज अडकून पडतो, आणि काहीही नाकारले नाही याचे आपल्याला समाधान असते. नागरिक किती दिवस थांबला, हे कोणी मोजत नाही.

पुढच्या तारखेला त्या बाईंचे म्हणणे सलग ऐकू आले आणि निवृत्तिवेतन मंजूर झाले. नंतर मी निकाली निघालेल्या जुन्या नस्त्या मागविल्या. माझ्याच हस्ताक्षरातला तो शेरा तीन प्रकरणांत सापडला. तिघांनाही पुन्हा सुनावणीची तारीख दिली.